मैत्रीण गेल्यानंतरची सहल: आधी तिची कामं वाटून घ्या

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की घरात विषय निघतोच, यंदा कुठे जायचं? पण नेहमीच्या मंडळींपैकी कुणी त्या वर्षात हे जग सोडून गेलेलं असेल, तर हा विषय काढायला कुणी धजत नाही. मी बोलले तर तिच्या नवऱ्याला वाईट वाटेल, तो बोलला तर मुलाला वाटेल, असं करत प्रत्येक जण दुसऱ्याला जपतो आणि सुट्टी संपून जाते. माझं सांगणं असं, की जा. शक्य असेल तर त्याच माणसांना घेऊन जा. फक्त नेहमीसारखं बॅगा भरून निघू नका, थोडी वेगळी तयारी लागते.

माझी जिवाभावाची मैत्रीण गेली. उन्हाळ्यात आमची दोन्ही घरं मिळून फिरायला जायची. ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यातही आम्ही गेलो: तिचा नवरा, तिचा शाळकरी मुलगा, तिची आई, माझा नवरा, माझी धाकटी मुलगी आणि मी. पुढचं बरंचसं त्या तयारीतून आणि त्या प्रवासातून आलेलं आहे. काही गोष्टी मागाहून वाचल्यावर नीट समजल्या, त्याही सांगते.

कामांची यादी

तिची आठवण कशी जागवायची, फोटो कुठे ठेवायचा, हे नंतर ठरवा. आधी एक कागद घ्या आणि सहलीत ती काय काय करायची ते लिहून काढा. अगदी बारीकसारीक कामंसुद्धा. कारण प्रवासात माणसाची उणीव भासते ती बहुतेक वेळा एखादं काम अडल्यावर. पहाटे दारावर टकटक होत नाही, कुणाच्या तरी गोळ्या द्यायच्या राहतात, दोन माणसं घुश्शात गप्प बसलेली असतात आणि मध्ये पडणारं कुणी नसतं. त्या क्षणी सगळ्यांच्याच पोटात एकदम खड्डा पडतो. तयारी नसेल तर त्याचं चिडचिडीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

आमच्या कागदावर काय होतं ते सांगते. तिकिटं आणि ओळखपत्रांच्या प्रती एका पारदर्शक फाइलमध्ये ठेवणं. औषधांची पिशवी. खर्चाची वही. पहाटे सगळ्यांना उठवणं. गाडी सुटण्याआधी माणसं मोजणं. ती मोठ्यानं मोजायची आणि ‘एक मी’ अशी सुरुवात करायची. दुपारी कुणाला झोपू न देणं, हेही लिहिलं, कारण ते ती अगदी निष्ठेनं करायची. आणि खोली सोडताना शेवटची बाहेर पडणं. बाकीचे सामान घेऊन खाली गेले की ती एकटी परत आत जायची आणि ठरलेल्या जागा बघायची: दारामागचा हुक, उशीखाली, बाथरूमच्या खिडकीची कड, पलंगाच्या मागचा प्लग. तिच्यामुळे आमचा चार्जर कधी कुठे राहिला नाही.

हे शेवटचं काम आम्ही तिच्या मुलाला दिलं. पहिल्याच मुक्कामाहून निघताना तो आत गेला तो बराच वेळ बाहेर येईना. मला वाटलं, रडत असेल. दारातून डोकावले तर तो गुडघ्यावर बसून पलंगाखाली हात घालत होता. आजीचा चष्मा सापडला होता. “मावशी, आई पलंगाखाली बघायची नाही ना? मी बघतो,” म्हणाला. त्या दिवसापासून ते काम त्याचं झालं.

वाटणी करताना एक जपा: सगळी कामं एकाच माणसावर टाकू नका. सहसा ती जवळच्या मैत्रिणीवर किंवा जोडीदारावर येऊन पडतात, आणि ते माणूस सहलभर दुसऱ्याची जागा भरत राहतं, स्वतः कुठेच नसतं. प्रत्येकाला एक-दोन कामं पुरे. जमेल तसं, आपापल्या पद्धतीनं करू द्या. ‘ती असं करायची नाही’ हे वाक्य कुणी कुणाला म्हणायचं नाही, असं आम्ही निघण्याआधीच बोलून ठेवलं होतं. एखादं काम कुणालाच उचलावंसं वाटत नसेल तर ते तसंच राहू द्या. मोजणीचं कुणी नाव घेत नव्हतं. शेवटी तिच्या आईनं ते मागून घेतलं. दुपारी झोपू न देण्याचं काम मात्र रिकामं राहिलं आणि सगळे दुपारी झोपले.

कुणाला विचारायचं, कसं विचारायचं

तिच्या घरच्यांना ग्रुपवर विचारू नका. ग्रुपवर नाही म्हणणं जड जातं. एकेकाला फोन करा आणि ‘नाही’ म्हणायला सोपं जाईल असं बोला. ‘तुम्ही आल्याशिवाय आम्ही जाणारच नाही’ हे प्रेमाचं बोलणं असलं तरी समोरच्याला कोंडीत पकडणारं आहे. मी काकूंना, म्हणजे तिच्या आईला, म्हणाले होते, “आम्ही अमुक दिवशी निघतोय. तुमची जागा धरलीय. आदल्या आठवड्यात सांगितलंत तरी चालेल, आणि मधूनच परत यावंसं वाटलं तरी सोय करू.” मधूनच परत यायची सोय खरोखर करून ठेवा. परतीचे मार्ग, सोबत कोण जाईल, हे आधी ठरलेलं असलं की बहुतेक वेळा त्याची गरज लागत नाही.

खोल्यांची वाटणीही विचारून करा. जोडीदार गमावलेल्या माणसाला एकटी खोली हवी असते की सोबत, हे आपण परस्पर ठरवण्यासारखं नाही.

आणि तुम्ही स्वतः? मैत्रिणीच्या दुःखाला समाजात फारशी जागा नसते. तिच्या माघारी लोक मला भेटले की विचारायचे, “त्यांच्या घरचे कसे आहेत?” मी कशी आहे हे फार थोड्यांनी विचारलं. अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात अशा दुःखाबद्दल मांडणी केली: ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक मान्यताच देत नाहीत, ते जास्त एकटं पाडतं. मित्रमैत्रिणींचं दुःख त्यात येतं. म्हणून निघण्याआधी आपल्या घरच्यांना स्पष्ट सांगा, की मीही तिला गमावलंय, मलाही मधूनमधून सांभाळावं लागेल. मी माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं, की मी गर्दीतून बाजूला गेले तर शोधायला येऊ नकोस, फक्त मुलीकडे बघ. त्यानं तेवढं केलं आणि तेवढंच पुरलं.

जुनी जागा की नवी

पहिल्या वर्षी नवी जागा निवडा, असं माझं मत आहे. जिथे तुम्ही तिच्यासोबत गेला होतात तिथल्या प्रत्येक वळणावर ती उभी असते. तिथून हलायला वावच मिळत नाही. नव्या जागेतही ती आठवतेच, पण तिथे डोळ्यांना दुसरंही काही बघायला असतं.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दुःखाबद्दल एक मांडणी केली. तिचा गाभा असा, की सावरणारं माणूस एका सरळ रेषेत पुढे जात नाही. ते कधी गमावलेल्या माणसाकडे वळतं, कधी रोजच्या जगण्याकडे, नव्या गोष्टींकडे; आणि या दोन्हींत ये-जा करत राहतं. दुःखातून मध्येच सुट्टी घेणं हाही त्याच सावरण्याचा भाग. हे वाचल्यावर मला आमच्या सहलीतल्या कितीतरी गोष्टी उलगडल्या. सहलीचा आराखडा करताना या ये-जा करण्याला जागा ठेवा. रोज आठवणींचा कार्यक्रम नको, आणि तिचं नावही काढायचं नाही असंही नको.

घरातल्या कुणाला जुन्या जागी जायचंच असेल तर तो मुक्काम करू नका, वाटेतली अर्ध्या दिवसाची भेट करा. सकाळी जा, ऊन चढायच्या आत निघा. ही भेट सहलीच्या मध्यावर असू द्या. पहिल्या दिवशी ठेवली तर पुढचे सगळे दिवस तिच्या सावलीत जातात, शेवटच्या दिवशी ठेवली तर आधीचे सगळे तिच्या धास्तीत.

तिचा वाढदिवस किंवा ती गेली ती तारीख सहलीत येत असेल, तर त्या दिवशी लांबचा पल्ला, हॉटेल बदलणं, पहाटेची गाडी काहीच नको. गाडी चालवणाऱ्याच्या मनाची अवस्था लक्षात घ्या. दुःखात झोपेची आधीच बोंब असते, त्यात उन्हाचा थकवा. आमच्याकडे दोघे चालक होते आणि आलटूनपालटून चालवत होते. ते नसतं तर मी आगगाडीनं जायचं ठरवलं असतं.

फोन नीट तयार करा

हा भाग लोक विसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तिचे आवाजी संदेश तुमच्या फोनमध्ये असतील तर निघण्याआधी ते बाहेर काढून दुसरीकडे जपून ठेवा. प्रवासात फोन हरवतो, पाण्यात पडतो. व्हॉट्सॲपवर एकेक संदेश निवडून ‘शेअर’ करून क्लाउडवर किंवा स्वतःच्या ईमेलवर पाठवता येतो. जुने, कधी डाउनलोडच न केलेले संदेश नंतर मिळत नाहीत, त्यामुळे आधी वर जाऊन बघून घ्या. माझ्याकडे तिचा एक संदेश आहे, त्यात नुसता वारा आहे आणि मध्येच ती “ऐकू येतंय का?” एवढंच म्हणते. बाकीच्या सगळ्या लांबलचक बोलण्यापेक्षा मला तो जास्त प्रिय आहे. काय जपण्यासारखं आहे ते तुम्हाला आज कळेलच असं नाही, सगळंच ठेवा.

दुसरं. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं गेलं नाही तर ते आपोआप बंद होतं, आणि खातं बंद झालं की तो नंबर सगळ्या ग्रुपमधून निघतो. म्हणजे एखाद्या दिवशी तुमच्या सहलीच्या जुन्या ग्रुपवर ती बाहेर पडल्याची ओळ दिसू शकते. हे आधी ठाऊक असलं की त्या ओळीनं काळजात चर्र होत नाही. निदान थोडं कमी होतं. घरच्यांनाही सांगून ठेवा. जुना ग्रुप तसाच राहू द्या आणि यंदाच्या सहलीसाठी नवा काढा. तिच्या नंबरवर मनातलं लिहून पाठवायची सवय असेल तर ती वहीत वळवा, कारण बंद पडलेले नंबर मोबाइल कंपन्या काही काळानं दुसऱ्या ग्राहकाला देतात.

तिसरं. फोन आपणहून ‘या दिवशी, अमुक वर्षांपूर्वी’ म्हणत जुने फोटो दाखवतो. उन्हाळ्यात हमखास जुन्या सहलींचे. गुगल फोटोजमध्ये ठरावीक माणसाचे किंवा ठरावीक तारखांचे फोटो या ‘मेमरीज’मध्ये येऊ नयेत अशी सोय आहे. फोटो पुसले जात नाहीत, फक्त अचानक समोर येत नाहीत. तिच्या नवऱ्याच्या फोनवर आम्ही हे करून दिलं. त्याला तिचे फोटो बघायचे असतात, पण स्वतः उघडून.

कागदी फोटो न्यायचा असेल तर मूळ प्रत घरी ठेवा, दुसरी छापून घ्या. ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हानं रंग उडतात. बंद गाडी उन्हात अर्ध्या तासातच बाहेरपेक्षा कितीतरी जास्त तापते. त्या तापमानात फोटो, फोन, औषधं यातलं काहीच सुरक्षित नाही, आणि मूल तर एक मिनिटभरही आत ठेवू नये.

लहान मुलांशी बोलताना

मेलेलं माणूस परत येत नाही, हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळायला लागतं. त्याआधी ती शब्द जसाच्या तसा घेतात. म्हणून ‘मावशी लांबच्या प्रवासाला गेली’ असं सांगू नका. एरवीही नको, आणि सहलीला निघताना तर मुळीच नको. मूल गाडीत बसून विचारतं, आपण तिच्याकडेच चाललोय का? ‘देवाघरी गेली’ म्हणायची आपल्याला सवय आहे, ते म्हटलं तरी पुढे साधं वाक्य जोडा: तिचं शरीर काम करायचं थांबलं, ती मेली, ती आता भेटणार नाही, पण आपण तिच्याबद्दल बोलू शकतो. माझी मुलगी हे ऐकून गप्प बसली आणि नंतर पूर्ण रस्ताभर बोलत होती.

संध्याकाळची ठरलेली वेळ

दिवसातली एक छोटी वेळ तिच्यासाठी ठेवा. आम्ही अंधार पडायच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं ठेवली होती. ज्याला यायचं तो येतो, ज्याला नाही त्याला कुणी हाक मारत नाही. तिचा मुलगा कधी यायचा, कधी बॉल घेऊन माझ्या नवऱ्याबरोबर बाहेर निघून जायचा. दोन्ही ठीक.

‘किती चांगली होती’ इथून सुरुवात झाली की बोलणं लगेच आटतं. नेमकं विचारा. ती इथे असती तर कशासाठी अडून बसली असती? तिचं आणि तुझं शेवटचं भांडण कशावरून झालं? कुठल्या प्रवासात ती घाबरली होती? तिचा हट्टीपणा, तिचं मोठ्यानं बोलणं, सगळ्यांना पहाटे उठवून स्वतः गाडीत झोपून जाणं, हे सगळं येऊ द्या. काकूंनी सांगितलं, की लहानपणी ती खिडकीची जागा मिळाली नाही तर प्रवासभर कुणाशी बोलायची नाही. मुलगा खो-खो हसत म्हणाला, “मोठी झाल्यावरही तेच करायची!” त्या संध्याकाळी आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

हसल्यानंतर अपराधी वाटतं, ते बहुतेकांना वाटतं. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो या मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार गमावलेल्या माणसांचा अभ्यास करून १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना जे मनापासून, डोळ्यांपर्यंत पोचेल असं हसले, त्यांना राग कमी जाणवत होता आणि जगण्यातला आनंद जास्त. मी हे तिच्या नवऱ्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरला. आदल्या दिवशी काठावरच बसून होता.

त्या वेळेनंतर मात्र विषय संपवा. खेळा, फिरायला जा, उद्याचं ठरवा. आणि दुपारचा, अकरा ते चारचा वेळ मोकळा सोडू नका. बाहेर ऊन, आत सगळे आडवे, अशा वेळी मन सैरभैर होतं. पत्ते, वाचन, मुलांचं चित्र काढणं, काहीही चालेल. झोप लागत असेल तर त्याहून चांगलं काय.

काय सोडून यायचं नाही

सुंदर जागी तिच्या नावानं काहीतरी ठेवून यावंसं वाटतं. ही ओढ मला समजते, पण वस्तू सोडून येऊ नका. पॅरिसमधल्या पाँ दे झार या पुलावर लोक प्रेमाखातर कुलपं लावत गेले; २०१४ मध्ये त्या वजनानं कठड्याचा एक भाग कोसळला आणि २०१५ मध्ये तिथली सगळी कुलपं, कित्येक टन, काढून टाकावी लागली. आपल्या एका कुलपानं काय होतंय असंच प्रत्येकाला वाटलं असणार. फुगे सोडणंही टाळा, ते शेवटी पाण्यात किंवा रानात पडतात आणि प्राणी ते गिळतात. दगडांवर नाव कोरू नका.

आम्ही उलट केलं. पाण्याकाठी तिच्या नावानं तासभर कचरा उचलला. ती हे जिवंतपणीही करायची, नाक मुरडत आणि सगळ्यांना कामाला लावत.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यातच खर्चाचा हिशेब मिटवा, लांबवू नका. पैशांचं राहून गेलेलं बोलणं अशा काळात उगाच मनात गाठ होऊन बसतं. फोटो छापून काकूंसारख्या वडीलधाऱ्यांना नेऊन द्या, आणि त्यात हसतानाचेही असू द्या.

सहलीहून आल्यावर दोन-चार दिवस जास्त उदास जातात, ते स्वाभाविक आहे. पण कुणी सहा महिने उलटून गेल्यावरही रोज त्याच तीव्रतेनं कोसळत असेल, कामधंदा, शाळा, माणसं सगळं सुटत चाललं असेल, तर त्याला समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ न ओसरणाऱ्या दुःखाची स्वतंत्र नोंद आहे, आणि त्यावर उपचार होतात. जिवावर उठणारे विचार येत असतील तर सहा महिने वाट बघायची नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. तिच्या नवऱ्याला आम्ही नुसतं “जाऊन ये” म्हटलं नाही. वेळ मी घेतली, माझा नवरा सोबत गेला आणि मुलगा तेवढा वेळ आमच्याकडे राहिला.